टाकीचा सेन्सर पहाटे भलतेच आकडे दाखवतो आणि मोटर बंद होत नाही: आधी काय बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन मजली घर, गच्चीवर १००० लिटरची प्लास्टिकची टाकी, खाली हौद, १ एचपीची मोनोब्लॉक मोटर. टाकीच्या झाकणाला भोक पाडून एचसी-एसआर०४ (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर) बसवला, तो नोडएमसीयूला (वायफाय असलेला छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) जोडला आणि डी४ पिनवरून निळ्या रिलेने (बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच) थेट मोटर चालू-बंद केली. दोन आठवडे सगळं झकास. मग पहाटे कधी ० तर कधी ४०० सेंमी असे आकडे यायला लागले. गेल्या आठवड्यात मोटर बंदच झाली नाही आणि गच्चीवरचं पाणी जिन्यात उतरलं. आता कुठला सेन्सर घेऊ, एवढंच तुम्ही विचारलंय.

सेन्सर बदलावा लागेलच. पण इथे दोन वेगवेगळे बिघाड एकमेकांत मिसळलेत. पहिला मापाचा: टाकीत पाणी किती, हेच बोर्डाला नीट कळत नाही. दुसरा मोटर तोडण्याचा: बोर्डाने ‘बंद’ म्हटलं तरी मोटर थांबली नाही. दुसरा बिघाड शिल्लक असेल तर जगातला सगळ्यात महागडा सेन्सर लावूनही जिन्यात पाणी येणार. म्हणून क्रम बदला. आधी मोटर खात्रीने बंद होईल असं करा, माप नंतर सुधारा.

रिलेचं काय झालंय ते पाच मिनिटांत कळेल. मेन स्विच पाडा, रिलेच्या मोटरकडच्या वायरी काढा, मल्टिमीटर बीपवर लावून ‘कॉमन’ आणि ‘एनओ’ (एरवी उघडा) या दोन टर्मिनलांवर प्रोब ठेवा. बोर्डाला वीज नसताना इथे बीप येता कामा नये. येत असेल तर आतले संपर्क एकमेकांना चिकटलेत, म्हणजे अक्षरशः वेल्ड झालेत. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं आणि १ एचपी मोटर चालताना ५ ते ७ अँपिअर घेते, म्हणून हिशेब जमतोय असं वाटतं. पण ते १० अँपिअर हीटर-बल्बसारख्या साध्या लोडसाठी आहेत. मोटर सुरू होताना पहिला क्षणभर चालू करंटच्या चार ते सहा पट करंट ओढते, म्हणजे ३०-४० अँपिअर. संपर्क जुळताना किंचित उसळतात, त्या उसळीत ठिणगी पडते आणि धातू वितळून चिकटतो. हे बहुधा पहिल्या दिवशी होत नाही, बऱ्याच वेळा चालू-बंद झाल्यावर होतं. म्हणून ‘दोन आठवडे चाललं होतं’ या वाक्याचा इथे काही उपयोग नाही.

मोटरसाठी कॉन्टॅक्टर लागतो, म्हणजे जड करंटसाठी बनवलेला मोठा रिले. घेताना त्यावरचं एसी-३ रेटिंग बघा, ते मोटर लोडसाठीच असतं. १ एचपी सिंगल फेजला ९ अँपिअर एसी-३ पुरतो, मी १२ चा लावतो. कॉइल (वीज दिली की संपर्क ओढणारी गुंडाळी) २३० व्होल्टची. सोबत मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला जुळवलेला ओव्हरलोड रिले (करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की मोटर तोडणारा) आणि या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच). हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ओली गच्ची, पाण्याचा पाइप आणि २३० व्होल्ट एकत्र असताना हौस बाजूला ठेवलेली बरी.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट. तुमची मोनोब्लॉक आहे म्हणून कॉन्टॅक्टर सरळ लावता येतो. पण हे वाचणाऱ्या कुणाची बोअरवेलची सिंगल फेज सबमर्सिबल असेल, तर तिचं स्टार्टर पॅनेल आधी उघडून बघा. अनेक पॅनेलमध्ये हिरवं बटण दाबून धरलेलं असतं तेवढाच वेळ स्टार्ट कपॅसिटर जोडला जातो आणि बटण सोडलं की फक्त रन कपॅसिटर उरतो. अशा पॅनेलला रिलेने हिरव्या बटणाची नक्कल करायची असेल तर दोन-तीन सेकंदांचाच ठोका द्यायचा. रिले चालूच ठेवला तर स्टार्ट कपॅसिटर तापून फुटतो. बंद करायला लाल बटणाच्या मार्गात दुसरा रिले लागतो.

आता मुख्य मुद्दा. मोटर बंद करण्याचा शेवटचा अधिकार सॉफ्टवेअरकडे ठेवू नका. बोर्ड अडकतो, वायफाय जातं, सेन्सर खोटं बोलतो. तेव्हा टाकी भरली की केवळ पाण्याच्या धक्क्याने सर्किट तोडणारा एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) मध्ये हवा, आणि तो बोर्डाला विचारून चालता कामा नये.

जोडणी अशी करा. खाली १२ व्होल्टचा एक अडॅप्टर. त्याची पॉझिटिव्ह वायर बोर्डाच्या निळ्या रिलेच्या संपर्कातून जाऊ द्या (निळा रिले इथे अगदी योग्य आहे, कारण आता त्याच्यावर काहीच भार नाही). तिथून ती गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटमधून, तिथून हौदातल्या फ्लोटमधून, आणि शेवटी १२ व्होल्टच्या क्यूब रिलेच्या कॉइलला. क्यूब रिलेचा संपर्क कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल चालवतो. बोर्ड, वरचा फ्लोट, खालचा फ्लोट हे तिघे एका माळेत आले. तिघांपैकी एकाने नाही म्हटलं की मोटर बंद. टाकीच्या पाण्यात उतरणारी वायर १२ व्होल्टची राहते, हा दुसरा फायदा. फ्लोटवर २५० व्होल्ट छापलेलं असलं तरी त्याची केबल कधीतरी चिरणारच आहे.

केबलवाल्या फ्लोटमध्ये बहुधा तीन वायरी निघतात. वरच्या टाकीसाठी त्यातली अशी जोडी घ्या की फ्लोट वर उचलल्यावर सर्किट उघडेल. हौदासाठी उलटी: फ्लोट खाली लोंबकळला की उघडेल. रंगांवर विश्वास ठेवू नका, हातात धरून वर-खाली करत मीटरने तपासा. अशा जोडणीत वायर उंदराने कुरतडली किंवा जोड सुटला तर सर्किट उघडतं आणि मोटर थांबते. बिघाड झालाच तर तो मोटर बंद राहण्याच्या बाजूने व्हावा, पाणी ओसंडण्याच्या बाजूने नव्हे.

क्यूब रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रोधक-कपॅसिटरची जोडी). त्यातला कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स२ वर्गाचा. स्नबर नसेल तर कॉन्टॅक्टर सुटताना निघणाऱ्या झटक्याने नोडएमसीयू मध्येच रीस्टार्ट होतो आणि तुम्ही उगाच कोडमध्ये चूक शोधत बसता.

ऑटो-बंद-मॅन्युअल असा तीन जागांचा सिलेक्टर स्विच जरूर ठेवा, घरातल्यांना मोबाइल न उघडता मोटर लावता आली पाहिजे. पण मॅन्युअलने फक्त बोर्डाच्या रिलेला वळसा घालायचा, फ्लोटना नाही. टाक्या ओसंडतात त्या बहुतेक वेळा मॅन्युअलवर लावून विसरल्यामुळेच.

डी४ पिन मात्र सोडा. ईएसपी८२६६ (नोडएमसीयूवरची चिप) च्या डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना कुठल्या पद्धतीने सुरू व्हायचं हे ठरवण्यासाठी वाचल्या जातात आणि त्या वेळी त्यांच्यावर सिग्नल हलतो. डी० सुरुवातीला वर असतो. त्यामुळे दर वेळी लाइट येताना रिले टकटक करतो, म्हणजे मोटरला फुकटचा झटका बसतो. रिले डी१ किंवा डी२ वर घ्या. तुमचं रिले मॉड्यूल ‘लो’वर चालू होणारं असेल (बाजारात मिळणारी बहुतेक तशीच असतात) तर कोडमध्ये आधी पिनवर ‘हाय’ लिहा आणि मग ती आउटपुट करा. क्रम उलटा झाला तर सुरुवातीलाच क्षणभर रिले ओढला जातो.

मोटरचं झालं. आता माप.

सेन्सरच्या खोट्या आकड्यांचं कारण शोधताना मी आधी घड्याळ बघतो. पहाटे बिघडतं आणि दुपारी आपोआप सुधारतं, तर ते दव आहे. मोटर चालू असतानाच बिघडतं, तर वरून पडणारी पाण्याची धार किंवा वायरीतला गोंगाट. लाइट जाऊन आल्यावर बिघडतं, तर पिना किंवा पुरवठा. तुमचं पहाटेचं आहे, म्हणजे उत्तर मिळालंच. रात्री टाकीच्या आतली दमट हवा झाकणाला लागून थंड होते आणि थेंब जमतात. एचसी-एसआर०४ चे दोन्ही डोळे जाळीचे, उघडे असतात. जाळीत पाणी साचलं की पडदा नीट कंप पावत नाही. प्रतिध्वनी आलाच नाही तर काही लायब्ररी ० देतात, काही कमाल मर्यादा म्हणजे ४०० देतात. दोन्हींचा अर्थ एकच: काही ऐकू आलं नाही. कोडमध्ये हे दोन्ही आकडे ‘पातळी’ म्हणून न घेता ‘वाचन नाही’ म्हणून टाकून द्या. ४०० ला ‘टाकी रिकामी’ समजून मोटर लावणारा कोड हाच अर्धा अपघात असतो.

बंद टाकीसाठी दोन पर्याय आहेत. जेएसएन-एसआर०४टी मध्ये एकच सीलबंद डोळा आणि सुमारे अडीच मीटरची केबल येते, सर्किट बोर्ड टाकीबाहेर राहतो. कोड जवळपास तोच, फक्त ट्रिगर (सेन्सरला ‘मोज’ असं सांगणारा सिग्नल) १० ऐवजी २० मायक्रोसेकंदांचा ठेवा. त्याची मोठी अडचण म्हणजे जवळचं दिसत नाही: २० ते २५ सेंमीच्या आत पाणी आलं की तो गोंधळतो. दुसरा पर्याय ए०२वायवाययूडब्ल्यू. त्याची आंधळी जागा फक्त ३ सेंमी आहे आणि तो अंतर थेट सिरियलवर ९६०० बॉडने पाठवतो. चार बाइट येतात: पहिला नेहमी २५५, मग अंतराचा वरचा बाइट, खालचा बाइट, आणि चौथा पहिल्या तिघांच्या बेरजेचा शेवटचा बाइट. समजा २५५, २, १०८, १०९ आलं. दोनला २५६ ने गुणून १०८ मिळवले की ६२० मिलिमीटर, म्हणजे ६२ सेंमी. बेरीज ३६५, त्यातून २५६ वजा केले की १०९, म्हणजे वाचन खरं. बेरीज जुळली नाही तर ते वाचन सोडून द्यायचं. वायरीतला गोंगाट इथेच पकडला जातो, ही सोय ट्रिगर-इको प्रकारात नाही. बजेट बसत असेल तर हाच घ्या.

आंधळी जागा किती महाग पडते बघा. टाकीचा आतला व्यास मोजा. तो ११० सेंमी असेल तर १ सेंमी पाणी म्हणजे साडेनऊ लिटर. २० सेंमीची आंधळी जागा म्हणजे १९० लिटर टाकी कायम रिकामी ठेवायची. त्यावर लोक झाकणावर २० सेंमीचा पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर वर उचलतात आणि मग आकडा २० वर अडकतो, कारण त्या तुकड्याची खालची कडच प्रतिध्वनी देते. पाइप वापरायचाच तर ४ इंची पीव्हीसी पाइप सेन्सरपासून थेट टाकीच्या तळाजवळपर्यंत न्या. खाली तोंड उघडं, तळापासून ५ सेंमी वर, आणि वरच्या टोकाला ६-८ मिलिमीटरचं भोक. ते भोक विसरलात तर पाइपात हवा कोंडते, पाणी आत चढत नाही आणि टाकी भरूनही आकडा हलत नाही. पाइप अखंड हवा. मध्ये कपलिंग आलं तर त्याची कड दिसते.

पाइपचा आणखी एक फायदा आहे. हे सीलबंद सेन्सर आवाज बराच रुंद फेकतात. ६० अंशांचा शंकू धरला तर १ मीटरवर त्याची त्रिज्या ५८ सेंमी होते, म्हणजे तुमच्या टाकीच्या भिंतीपर्यंत. टाकीच्या आतल्या वळ्या, पाणी येणारा पाइप, बॉलकॉकची दांडी, सगळं त्याला दिसतं. पाइप नसेल तर सेन्सर पाण्याच्या धारेपासून लांबच्या बाजूला, पण भिंतीला चिकटून नाही, असा बसवा.

जेएसएन किंवा एचसीच ठेवणार असाल तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरची इको पिनही (प्रतिध्वनीची वेळ बोर्डाला कळवणारी) ५ व्होल्ट देते आणि ईएसपी८२६६ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मध्ये १ किलोओम आणि २ किलोओमचा विभाजक लावा: इकोपासून पिनपर्यंत १ किलो, पिनपासून ग्राउंडपर्यंत २ किलो. ३.३ व्होल्ट मिळतात. विभाजकाशिवायही ‘चालतं’, काही महिने. ए०२ ला ३.३ व्होल्टच पुरवठा दिलात तर विभाजकाची भानगडच नाही.

वाचनं स्वच्छ करायला सरासरी वापरू नका, मध्यक वापरा. सात वाचनं ६० मिलिसेकंदांच्या अंतराने घ्या. समजा ती अशी आली: ६२, ६३, ६२, २१, ६२, ६३, ४००. सरासरी जवळजवळ १०५ येते, म्हणजे जिथे पाणी नाही असं अंतर. चढत्या क्रमाने लावून मधलं घेतलं तर ६२. एक-दोन चुकीचे प्रतिध्वनी मध्यकाला हलवूच शकत नाहीत. प्रतिध्वनींमध्ये अंतर न ठेवता धडाधड वाचनं घेतली तर मागच्या आवाजाचा प्रतिध्वनी पुढच्यात शिरतो, म्हणून ते ६० मिलिसेकंद.

त्यावर दुसरी चाळणी पाण्याच्या वेगाची. मोटर मिनिटाला किती लिटर टाकते ते एकदा बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. ४० लिटर निघालं तर पातळी मिनिटाला ४.२ सेंमी चढते, दहा सेकंदांत पाऊण सेंमीसुद्धा नाही. दहा सेकंदांत २० सेंमीची उडी दिसली तर पाणी तसं वागूच शकत नाही, वाचन टाका. लागोपाठ दहा वाचनं नाकारली गेली तर मात्र सेन्सर बिघडला असं समजून मोटर थांबवा आणि सूचना पाठवा.

तापमानाबद्दल लोक फार काळजी करतात, तेव्हा त्याचाही हिशेब मांडतो. प्रतिध्वनीच्या मायक्रोसेकंदांचे सेंमी करताना कोडमधला ५८ ने भागायचा आकडा सुमारे २२ अंश तापमान गृहीत धरतो. आवाजाचा वेग १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर, ४५ अंशांना ३५९ मीटर. काळ्या टाकीत मे महिन्यात पाण्यावरची हवा सहज तेवढी तापते. त्यामुळे १०० सेंमी अंतर दुपारी ९६ दिसतं, हिवाळ्यातल्या पहाटे १०१. पाणी न वापरताही पातळी पाच सेंमी हललेली दिसते, म्हणजे जवळजवळ ४८ लिटर. पण मोटर बंद करायची वेळ येते तेव्हा पाणी सेन्सरच्या जवळ असतं, ३० सेंमीवर ही चूक १ सेंमीच्या आसपासच राहते. त्यामुळे फक्त मोटर चालवायची असेल तर हा विषय सोडून द्या. रोजच्या वापराच्या लिटरची नोंद ठेवायची असेल तरच टाकीच्या आत हवेत एक डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) लटकवा, ४.७ किलोओमचा पुल-अप (डेटा वायर ते पुरवठा असा रोधक) लावा आणि वेग दर वेळी काढा: ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान.

आता खाली आणि वर यांची जोडणी. तुम्ही एकच बोर्ड खाली ठेवून ट्रिगर-इकोच्या वायरी गच्चीपर्यंत नेल्या आहेत, असं वर्णनावरून दिसतं. मोटर चालू असतानाही आकडे उड्या मारत असतील तर त्याचं ते एक कारण असू शकतं. दोन बोर्ड करा: वरचा फक्त मोजतो, खालचा फक्त मोटर सांभाळतो. वरच्याला वीज नेताना ५ व्होल्ट पाठवू नका. २४ गेजच्या नेटवर्क केबलचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओम. २० मीटर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ३.४ ओम. वायफाय पाठवताना ०.३ अँपिअर ओढले की १ व्होल्ट वाटेतच संपतो आणि वर ४ व्होल्ट उरतात. १२ व्होल्ट पाठवा, वर एका छोट्या बक कन्व्हर्टरने ५ करा, आणि बोर्डाशेजारी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

वायफाय पुरतं का, हे तुमच्या स्लॅबवर अवलंबून आहे. बोर्ड गच्चीवर नेऊन सिग्नल मोजा. उणे ७० डीबीएमपर्यंत निर्धास्त राहा, उणे ८० च्या पलीकडे भरवसा धरू नका. तिथे राउटर हलवण्यापेक्षा दोन्ही बोर्ड ईएसपी-नाऊने थेट बोलते करा, राउटर मधून निघूनच जातो. दोघांचा चॅनल एक असला पाहिजे, एवढी अट. तरीही जमलं नाही तर केबल नेलेलीच आहे, तिच्या मोकळ्या जोडीवर आरएस-४८५ (लांब केबलवर टिकणारी सिरियल पद्धत) चालवा.

कुठल्याही मार्गाने बोलले तरी खालच्या बोर्डाचा नियम एकच: ६० सेकंदांत नवं वाचन आलं नाही तर मोटर बंद. इथे एमक्यूटीटी (ब्रोकर नावाच्या मध्यस्थामार्फत संदेश पाठवण्याची पद्धत) वापरणारे एका खड्ड्यात पडतात. पातळीचा संदेश ‘रिटेन’ करून (ब्रोकरला जपून ठेवायला सांगून) पाठवला, तर खालचा बोर्ड रीस्टार्ट होताच ब्रोकर त्याला जुना संदेश देतो. वरचा बोर्ड दोन दिवस बंद असला तरी खालच्याला ‘टाकी २५ टक्के’ असं ताजं वाटणारं वाचन मिळतं आणि तो मोटर लावतो. पातळी रिटेन करू नका, आणि प्रत्येक संदेशात वाढत जाणारा क्रमांक पाठवा. क्रमांक पुढे सरकला तरच वाचन नवं.

ईएसपीहोम (अशा बोर्डांसाठीचं तयार सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आणखी एक. होम असिस्टंटशी (घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा वायफायशी १५ मिनिटं संपर्क झाला नाही तर बोर्ड स्वतःहून रीस्टार्ट होतो, ही त्याची मूळ सेटिंग आहे. रात्री राउटर बंद करणाऱ्या घरात बोर्ड रात्रभर दर पाव तासाला उठतो. मोटरच्या बोर्डावर वायफाय आणि एपीआय (होम असिस्टंटशी जोडणी) या दोन्ही ठिकाणी रीबूट टाइमआउट शून्य करा.

चालू-बंदच्या मर्यादा: ३० टक्क्यांना चालू, ९० ला बंद. दोन्ही आकडे जवळ ठेवले तर पाण्याच्या लाटांवर मोटर नाचते. वरचा फ्लोट ९५ टक्क्यांच्या पातळीला लटकवा, म्हणजे रोजचं काम सेन्सर करेल आणि तो चुकला तरच फ्लोट मध्ये पडेल. ६०० लिटर भरायला तुमच्या मोटरला १५ मिनिटं लागतील, तर सलग चालण्याची कमाल मर्यादा २५ मिनिटं ठेवा. मर्यादा लागली तर मोटर आपोआप पुन्हा लावू नका, माणसाने येऊन बघावं.

कोरडी मोटर हा तितकाच मोठा धोका. पाणी नसताना मोनोब्लॉक चालली तर मेकॅनिकल सील काही मिनिटांत जळतं. हौदातला फ्लोट पहिला राखणदार. पण फूटव्हॉल्व (हौदातल्या पाइपच्या तळाची झडप) गळून प्रायमिंग (पंपात भरून ठेवलेलं पाणी) गेलं तर हौद भरलेला असूनही मोटर कोरडीच चालते आणि फ्लोटला ते कळत नाही. त्यासाठी पीझेडईएम-००४टी (व्होल्टेज, करंट आणि वॅट मोजणारं मॉड्यूल) लावा आणि करंट न बघता वॅट बघा. मोटरवरचा भार कमी झाला की करंट फारसा उतरत नाही, पॉवर फॅक्टर (करंटपैकी खरं काम करणारा वाटा) मात्र घसरतो, त्यामुळे फरक वॅटमध्ये ठळक दिसतो. पाणी नीट चढत असताना किती वॅट येतात ते नोंदवा. त्याच्या ७० टक्क्यांपासून सुरुवात करा आणि डिलिव्हरी व्हॉल्व थोडा वेळ बंद करून आकडा कुठे जातो ते बघून मर्यादा नक्की करा. सुरू झाल्यावर २० सेकंद सोडून मग तुलना करायची. याच मॉड्यूलवरून व्होल्टेजही मिळतं. २३० च्या कॉइलचा कॉन्टॅक्टर १९५ व्होल्टच्या खाली नीट ओढेल याची हमी नसते, तो थरथरतो आणि संपर्क जळतात. १९५ च्या खाली मोटर लावूच नका.

खोक्याबद्दल दोनच गोष्टी. वरचा खोका आयपी६५ चा (धूळ आणि पाण्यापासून बंद) घ्या, केबल खालून ग्लँडमधून आत घ्या आणि शिरण्याआधी तिला एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जाईल. न वापरलेली भोकं बुजवा, मुंग्या ऊब शोधत बोर्डावर घरटं करतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या. केबल टाय काळे, पांढरे एका उन्हाळ्यात तुटतात.

सगळं जोडल्यावर मोटर चालू असताना एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवून बघा. वरच्या बोर्डाची वीज काढा: मिनिटभरात मोटर थांबली पाहिजे. वरचा फ्लोट हाताने उचला: त्याच क्षणी. हौदातला फ्लोट खाली सोडा: त्याच क्षणी. फ्लोटची वायर जोडातून काढा: त्याच क्षणी. सिलेक्टर मॅन्युअलवर टाकून पुन्हा वरचा फ्लोट उचला: तरीही थांबली पाहिजे. मेन स्विच पाडून परत लावा: मोटर स्वतःहून सुरू होता कामा नये, आधी ताजं वाचन आलं पाहिजे. यातली एकही चाचणी हुकली तर ती दुरुस्त होईपर्यंत सिलेक्टर ‘बंद’वर ठेवा. आणि फ्लोट उचलायची चाचणी दर पावसाळ्याआधी पुन्हा करा. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून फ्लोट जड होतो आणि वेळेवर उलटत नाही.